आधी उजेड, मग कॅमेरा

कॅमेऱ्याच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा मेगापिक्सेलचा असतो, आणि कॅमेरा निवडताना सगळ्यांत कमी उपयोगी पडणारा आकडाही तोच. चोवीस, तेहेतीस, पंचेचाळीस, एकसष्ट. आकडा चढला की किंमत चढते, तेव्हा फोटोही त्याच हिशेबाने चढत असणार असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि विकणाऱ्याला ते खोडून काढायची काही गरज नसते. म्हणून आधी या आकड्याचाच निकाल लावू.

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर एकूण ठिपके असतात सुमारे २१ लाख. फोर-के टीव्हीवर ८३ लाख. व्हॉट्सॲप तर फोटो पाठवतानाच लहान करून टाकतं. कागदावर छापायचं म्हटलं तर चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ८ बाय १० इंचांच्या फोटोला ७२ लाख पुरतात आणि लग्नाच्या अल्बममधल्या १२ बाय १८ इंचांच्या पानाला १ कोटी ९४ लाख. लेन्स बदलता येणारा आजचा जवळजवळ कोणताही नवा कॅमेरा २ कोटी ठिपके देतोच. त्याहून जास्त लागतात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला, कारण त्याला फोटोचा एक तुकडा कापून मोठा करायचा असतो. किंवा जाहिरातीचं आणि भिंतभर छपाईचं काम करणाऱ्याला. बाकीच्यांची हार्ड डिस्क तेवढी लवकर भरते.

हे मोजमाप सुरुवातीपासून निरर्थक होतं असं मात्र नाही. १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने हातात उचलता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, एक कृष्णधवल फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद, आणि फोटोत ठिपके अवघे १०,०००. तिथून वर चढताना प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसत होती. १९९९ च्या निकॉन डी-१ मध्ये २७ लाख ठिपके होते, २००३ च्या कॅनन ३००-डी मध्ये ६३ लाख. हा दुसरा कॅमेरा हजार डॉलरच्या आत मिळू लागला आणि हौशी माणसाच्या गळ्यात डीएसएलआर दिसायला लागला. त्या काळात ठिपके मोजून कॅमेरा घेणारा शहाणाच होता. पुढे कोटभर ठिपक्यांच्या पलीकडे फरक दिसेनासा झाला. मोजायची सवय मात्र राहिली.

दरम्यान मोबाईल आला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. सगळ्यांत मोठी पडझड झाली ती खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण त्यांचं काम मोबाईल करू लागला होता. आज वेगळे पैसे मोजून कॅमेरा घ्यायचा तर मोबाईलला जे जमत नाही ते करणाराच हवा. काय जमत नाही, हे चक्क मिलिमीटरमध्ये सांगता येतं.

लेन्सवर एफ/१.८, एफ/५.६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो भागाकार आहे. लेन्सच्या केंद्रांतराला (फोकल लेंग्थला) त्या आकड्याने भागलं की उजेड ज्या छिद्रातून आत येतो त्याचा व्यास निघतो. म्हणून आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. मोबाईलच्या मुख्य लेन्सचं केंद्रांतर धरा ७ मिलिमीटर आणि आकडा एफ/१.८. भागून बघा, छिद्र ४ मिलिमीटरच्याही आत येतं. कॅमेऱ्याच्या साध्यासुध्या ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्सचं छिद्र २८ मिलिमीटर. पक्षीवाले वापरतात त्या ६०० मिलिमीटर एफ/६.३ लेन्सचं ९५ मिलिमीटर, आणि पुढची काच निदान तेवढ्या व्यासाची लागतेच, म्हणून असली लेन्स दोन किलोंच्या आसपास भरते. हे वजन कुणा कंपनीने कमी करायचं म्हटलं तरी एका मर्यादेपलीकडे होत नाही.

मोबाईल या तोकड्या छिद्रावर हुशारीने मात करतो. बटण दाबताच तो एकामागोमाग अनेक फोटो घेतो, एकमेकांवर बसवतो, अंधाऱ्या जागा उजळतो, आभाळ जळू देत नाही. समोरचं दृश्य हलत नसेल तर याचा परिणाम थक्क करणारा असतो. कास पठारावरची फुलं, रायगडावरचा सूर्यास्त, ताटातली पुरणपोळी: यांचे फोटो नवशिक्याच्या हातात कॅमेऱ्यापेक्षा मोबाईलवर बरे येतात, हे कॅमेऱ्याच्या भक्तांनी एकदा मान्य करून टाकावं. अडचण होते ती समोरचं हलायला लागलं की. कबड्डीतला चढाई करणारा खेळाडू, संध्याकाळी घरभर पळणारं पोर, झाडाच्या सावलीत क्षणभर टेकलेला स्वर्गीय नर्तक पक्षी, यांपैकी कुणीही आठ-दहा फोटो जुळेपर्यंत थांबत नाही. तिथे एकाच क्षणात पुरेसा उजेड आत घ्यावा लागतो, आणि त्याला मोठं छिद्रच लागतं.

उजेड किती कमीजास्त होतो याची आपल्याला कल्पना नसते, कारण डोळे आपल्याला ती येऊ देत नाहीत. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो; रात्री ट्यूबलाइटच्या दिवाणखान्यात शे-दीडशे लक्स. म्हणजे हजारावा हिस्सा उरतो आणि तरी आपण म्हणतो, "लख्ख दिसतंय की!" कॅमेऱ्याच्या वाट्याला मात्र तो हजारावा हिस्साच येतो. शिवाय उजेड कणाकणांनी येतो आणि हे कण शिस्तीत पडत नाहीत. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण पडणार असतील तर त्यात दहाएकांचा चढउतार व्हायचाच, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडणार असतील तर चढउतार शंभरांचा, म्हणजे एकच टक्का. रात्रीच्या फोटोत भिंतीवर जी रवाळ खरखर दिसते ती बहुतांशी हीच. लोक तिचा दोष आयएसओ वाढवण्याला देतात. आयएसओ बिचारा आलेलं तुटपुंजं माप मोठं करून दाखवतो इतकंच.

मग जास्त उजेड मिळवायचा कसा? शटर जास्त वेळ उघडं ठेवा, छिद्र मोठं करा किंवा तो झेलणारा सेन्सर मोठा घ्या. चौथा मार्ग म्हणजे फ्लॅश किंवा दिवे. पहिल्या मार्गाला हलणाऱ्या माणसांची मर्यादा आहे: पळत्या मुलाला सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो, नाहीतर त्याचा नुसता फराटा उमटतो. आजकाल बॉडीत किंवा लेन्समध्ये हादरे शोषणारी यंत्रणा असते आणि तिची जाहिरातही जोरात होते. ती तुमचा हात स्थिर करते. समोरच्या पोराला स्थिर करायची सोय अजून निघालेली नाही.

सेन्सरचा आकार खोक्यावर बारीक अक्षरांत असतो, पण वाचावा तो हाच. फुल-फ्रेम म्हणतात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने रुळवलेल्या फिल्मच्या चौकटीचं हे माप. क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. त्याच्या खालचा एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७. कॅननचा थोडा आणखी लहान. मग मायक्रो फोर थर्ड्स, २२५. मग 'एक इंची', ज्याची एकही बाजू इंचभर नसते आणि क्षेत्रफळ भरतं ११६. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांच्या मापावरून चालत आलंय. आणि लांब झूमच्या स्वस्त कॅमेऱ्यात असतो तो अवघा २८ चौरस मिलिमीटरचा. यावर मेगापिक्सेल किती पाडायचे हा नंतरचा प्रश्न: एकाच भाकरीचे चोवीस तुकडे केले काय नि अठ्ठेचाळीस केले काय, पोटात जायची तेवढीच भाकरी जाते.

इथपर्यंत वाचून झाल्यावर बहुतेक जण फुल-फ्रेमच्या किमती शोधायला लागतात. जरा थांबा. समजा, तुमच्याकडे एपीएस-सी बॉडी आहे आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. ही लेन्स ५५ वर नेली की तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आता सुधारणा करायची आहे. बॉडी बदलून फुल-फ्रेम घेतली तर तेवढ्याच एफच्या आकड्याला सेन्सरवर एकूण उजेड पडेल ८६४ भागिले ३६७, म्हणजे २.३५ पट. त्याऐवजी बॉडी तीच ठेवून ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स घेतली तर? ५.६ ला १.८ ने भागून वर्ग करा: ९.७ पट. फुल-फ्रेम नव्याने घ्यायची तर लाखाच्या आसपासची तयारी ठेवावी लागते आणि वर तिच्या लेन्सही वेगळ्या घ्याव्या लागतात. पन्नासची ही लेन्स बहुतेक कंपन्यांकडे दहा-वीस हजारांत मिळते. या प्रकरणात एवढा एकच हिशेब लक्षात राहिला तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली असं मी समजेन.

पन्नासचा एक तोटा सांगायलाच हवा. एपीएस-सी सेन्सरवर ती पंच्याहत्तर-ऐंशीसारखी वागते, म्हणजे दृश्य जवळ ओढते. चेहऱ्यांसाठी उत्तम, पण वन बीएचकेच्या हॉलमध्ये बारशाला आलेली सगळी मंडळी एका फोटोत घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी काकू कापल्या जातात. घरातल्या घरात वापरायची तर ३५ किंवा त्याहून कमी केंद्रांतराची घ्यावी. आणि एक सापळा: निकॉनच्या जुन्या ५० मिलिमीटर एफ/१.८ डी या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी-३००० आणि डी-५००० मालिकांतल्या बॉडींत ती नाही. स्वस्त मिळाली म्हणून लेन्स आणली आणि फोकस हातानेच फिरवत बसावं लागलं, असं होतं. 'एएफ-एस' लिहिलेली घेतली की प्रश्न मिटतो.

तर आधी विचारायचं ते 'काय काढायचं आहे?' हे. दादासाहेब फाळके १९१२ साली आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले तेव्हा चित्रपट काढायचा हे त्यांचं आधीच पक्कं झालं होतं. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना गाठून त्यांनी सल्ला घेतला आणि परतताना खरेदी केली ती मोजकीच: विल्यमसनचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची ऑर्डर. काम ठरलेलं असलं की यादी आखूड होते. आपल्याकडे उलट चालतं. आधी दिवाळीच्या सवलतीत डबल-झूम किट येतं, मग त्यातल्या ५५-२५० च्या लेन्सने काय काढायचं याचा शोध सुरू होतो, आणि वर्षभराने किट ऑनलाइन विकायला लागतं, 'फक्त दोनदा वापरलेलं' असं लिहून.

वाघ आणि पक्षी हा महाराष्ट्रातला मोठा शौक, आणि कॅमेऱ्याची खरी परीक्षा घेणाराही. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे कॅमेऱ्याला पर्यायच नाही. पण वाघ हिंडतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला, नेमका उजेड नसताना. ६०० मिलिमीटर एफ/६.३ ही लेन्स भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी सकाळी नऊच्या उन्हात टिपायला झकास. सहाच्या संधिप्रकाशात तीच रडकुंडीला येते. एफ/२.८ ची लेन्स तिच्या पाचपट उजेड घेते, पण तिची किंमत ऐकून आपणच रडकुंडीला येतो. मधला मार्ग म्हणजे १००-४०० किंवा १५०-६०० ची झूम, चांगल्या एपीएस-सी बॉडीवर. एपीएस-सी इथे तोट्याची नाही. लहान सेन्सरवर ४०० ची लेन्स सहाशेसारखी वागते.

मधूनच कुणीतरी निकॉनचा पी-९०० किंवा पी-१००० दाखवतं. पहिला ८३ पट झूमचा, दुसरा १२५ पट. चंद्रावरची विवरं मोजून घ्या. ही यंत्रं थट्टेवारी नेण्यासारखी नाहीत. पी-१००० चं लांबवरचं छिद्र ६७ मिलिमीटरचं आहे, चांगल्या उन्हात दूरच्या पक्ष्याची ओळख पटवायला ते भरपूर झालं. पण सेन्सर तोच २८ चौरस मिलिमीटरचा. ढग आले, झाडाची सावली आली, पक्षी उडाला, की खेळ संपला. पक्ष्यांची नोंद ठेवायची असेल तर जरूर घ्या. भिंतीवर लावायचे फोटो हवे असतील तर नको.

ट्रेकर मंडळींना वेगळंच सांगावं लागतं. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढताना पाठीवरच्या प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशेब लागतो; त्यांच्यासाठी मायक्रो फोर थर्ड्सचा लहान सेन्सर हा गुण आहे, कारण त्याच्या लेन्स मुठीत मावतात. यूट्यूबवाल्यांनी फिरणारा स्क्रीन, बाहेरचा माइक लावायची सोय आणि लांब चित्रीकरणात बॉडी तापून बंद पडते का, एवढं बघावं. बाकी त्यांचं निम्मं काम माइक आणि दिव्यांवरच होतं.

आपल्या सणांचा कॅमेऱ्याला धाक असतो. जेजुरीला सोमवतीचा भंडारा, विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल, वारीतला पाऊस. किट झूम फिरवली की तिची नळी पुढेमागे होते आणि प्रत्येक वेळी आत हवा ओढली जाते. हवेत भंडारा असेल तर तोही आत जातो. अशा ठिकाणी नळी बाहेर न येणारी लेन्स लावावी, आणि गर्दीत लेन्स बदलायची तर मुळीच नाही, कारण सेन्सर उघडा पडतो. 'वेदर-सील्ड' लिहिलेल्या बॉडीला पावसाच्या सरी झेपतात, पण लेन्सही तशीच असेल तरच.

डीएसएलआर की मिररलेस, हा वाद आता कंपन्यांनीच संपवलाय. डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो, तो उजेड वर वळवून तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचवतो आणि फोटोच्या क्षणी उचलला जातो. मिररलेसमध्ये सेन्सरवर जे पडतं तेच छोट्या पडद्यावर दिसतं, म्हणजे फोटो काळा येणार की पांढराफटक हे आधीच कळतं. पॅनासोनिकने २००८ साली या जातीचा पहिला कॅमेरा आणला, २०१३ साली सोनीने तीत फुल-फ्रेम बसवली आणि २०१८ साली कॅनन आणि निकॉन दोघंही फुल-फ्रेम मिररलेसच्या वाटेला लागले. २०२० नंतर या दोघांनी डीएसएलआरमध्ये नवं काही मोठं आणलेलं नाही. पेंटॅक्स तेवढी जिद्दीने आरसा धरून आहे. आजच्या मिररलेसचा फोकस माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला चिकटून राहतो, आणि पळत्या पोरांच्या आईवडिलांना यापेक्षा जास्त उपयोगी सुधारणा गेल्या वीस वर्षांत झालेली नाही. तरी पैसे कमी असतील तर जुनी डीएसएलआर घ्यायला माझी हरकत नाही. मिररलेसकडे गेलेल्यांनी आपल्या चांगल्या लेन्स विकायला काढल्यात आणि त्या लेन्स काही बिघडलेल्या नाहीत.

बॉडी चार-सहा वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षं चालते. म्हणून बॉडी निवडताना खरं तर तुम्ही तिचा माउंट, म्हणजे लेन्स बसायची खाचच निवडत असता. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. आता दोघांचे नवे झेड आणि आरएफ. अॅडॅप्टर लावून जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालतात. कॅननच्या चांगल्याच चालतात. निकॉनच्या मघाच्या डी लेन्सचा फोकस इथेही हातानेच. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे आणि सिग्मा, टॅमरॉनसारख्या बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स त्याला भरपूर मिळतात. कॅननने आरएफसाठी बाहेरच्यांना बराच काळ लांब ठेवलं, २०२४ पासून एपीएस-सीपुरती दारं उघडली. दुकानात बॉडीची किंमत विचारण्याआधी त्या माउंटच्या तीन लेन्सच्या किमती विचारा: एक लांबची, एक एफ/१.८ ची, एक साधी झूम. कधीकधी स्वस्त बॉडी तिथेच महाग ठरते.

जुना कॅमेरा घेताना एक सवय अंगी बाणवावी: आधी टॉर्च, मग गप्पा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असतातच, त्यांनी काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडून दिली तरी लेन्स परत करा, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही व्रण राहतात. मग एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग त्यात उघडे पडतात. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच ही गणती नोंदलेली असते, कॅननच्या अनेक मॉडेलांत ती अशी सापडत नाही. साध्या बॉडीचं शटर लाखभर फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं असतं. लग्नाच्या एका कार्यात ते दोन-तीन हजार वेळा सहज पडतं, म्हणजे चाळीस-पन्नास लग्नांत लाखाचा पल्ला गाठला. लग्नसराईत राबलेली बॉडी बाहेरून चकचकीत असली तरी हा गुणाकार करून मगच भाव बोला.

नवा घ्यायचा तर हातात धरून घ्या. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं लागून लागून आहेत, पुण्या-नाशकातही चांगले दुकानदार आहेत. करंगळी मुठीखाली लोंबकळते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, आयएसओ बदलायला मेनूत किती आत शिरावं लागतं, हे कुठल्याही चाचणीच्या आकड्यांत सापडत नाही. सोबत फुकट मिळणारी बॅग, ट्रायपॉड आणि फिल्टर यांची किंमत मनातल्या मनात शून्य धरा. त्याऐवजी जास्तीची बॅटरी मागा, कारण मिररलेस बॅटरी खातो. आणि व्ही-३० लिहिलेलं चांगल्या कंपनीचं कार्ड मागा. व्ही-३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. अनोळखी ठिकाणचं स्वस्त कार्ड नकली निघालं तर मुंजीचे फोटो गेलेच समजा.

"बिल नको असेल तर कमी करतो," हे वाक्य कानावर येईलच. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि ते अठरा टक्के वाचवायच्या नादात हातात येतो बहुधा कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीत न बसणारा माल. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर वेगवेगळा लिहून घ्यावा. चोरी, विमा आणि पुढे विक्री, तिन्ही वेळा तो लागतो. भाचा अमेरिकेहून किंवा दुबईहून येणार असेल तर त्याला सांगण्याआधी वॉरंटी इथे चालते का आणि कस्टमची सवलत किती आहे ते बघा. जपानहून आणणाऱ्याने आणखी एक बघावं: तिथे विकल्या जाणाऱ्या सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी असतो.

आणि कॅमेरा घरी आल्यावर तो कुठे ठेवणार, हे कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी खरेदीआधीच ठरवावं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत इकडे ती ऐंशीच्या खाली क्वचितच येते. नेहमीचं बंद कपाट ही त्यासाठी वाईट जागा. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवणारं विजेवरचं छोटं कपाट मिळतं. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. एसीतून दमट हवेत बाहेर पडताना कॅमेरा पिशवीत बंद करून न्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढावा, नाहीतर काचेवर आणि आतही पाणी धरतं. चामड्याची केस शोकेसमध्ये छान दिसते; पावसाळाभर तिच्यात कॅमेरा ठेवू नये, चामडं ओल धरून ठेवतं.